सरळ तलवार, वाकडी तलवार

दहावीच्या आपल्या ग्रुपवर मागच्या दिवाळीत दोन दिवस चाललेली लढाई बहुतेकांना आठवत असेल. कुणीतरी एक चित्रफीत टाकली होती. तीत एका माणसाने जपानी कतानाने ओल्या चटईची गुंडाळी एका फटक्यात तिरकी कापली होती. लगेच एकाने निकाल दिला की जगात तलवार एकच, ती जपानी. युरोपवाल्यांच्या तलवारी म्हणजे धार लावलेल्या पहारी. दुसऱ्याने हट्टाने उलट बाजू घेतली. तिसऱ्याने भवानी तलवार मध्ये आणली आणि मग विषय भलतीकडेच गेला. स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला तोच विषय दिला. नोकरीनिमित्त मी दोन वर्षं टोकियोत काढली आणि माझी पदवी इंजिनिअरिंगची, एवढंच त्यामागचं कारण. सॉफ्टवेअरवालीला पोलादातलं काय कळणार, असं कुणी म्हणेल. पण पहिल्या वर्षाला आम्हालाही लोहारकाम होतं. आणि वीस वर्षं मी कामात एकच गोष्ट करत आले आहे: दुसऱ्या कुणीतरी फार पूर्वी लिहिलेलं काही समोर येतं आणि ते असं का केलं असेल, हे त्या माणसाच्या अडचणींवरून शोधायचं असतं. जुना प्रोग्राम असो की जुनी तलवार, रीत तीच.

आपल्या इतिहासाच्या बाई ‘श्रेष्ठ कोण’ असा प्रश्न कधी काढायच्या नाहीत. त्यांचा भर ‘कारणे लिहा’वर असायचा. मीही तिथूनच जाते.

आधी वजनाचा प्रश्न निकालात काढू, कारण बराच वाद त्यावरच झाला होता. युरोपातली मध्ययुगातली एका हाताने चालवायची तलवार साधारण एक ते सव्वा किलोची. दोन्ही हातांनी धरायची लाँगस्वोर्ड सव्वा ते दीड किलोच्या आसपास. कताना, म्यान सोडून पण मुठीसकट, सव्वा किलोच्या जवळपास. म्हणजे दोघींच्या वजनात फारसा फरक नाही. पहारीची कल्पना आली ती बहुधा मिरवणुकीत पुढे धरायच्या शोभेच्या तलवारींमुळे. त्या खरोखरच जड असत, पण त्यांनी कुणी लढत नसे. आणखी एक: युरोपियन पात्याच्या मधोमध जी पन्हळ असते, तिला लोक ‘रक्त वाहून जाण्याची नाळ’ म्हणतात. तिचा रक्ताशी काही संबंध नाही. रेल्वेचा रूळ जसा मध्ये बारीक आणि वर-खाली जाड असतो, तसाच हा हिशेब आहे. धातू कमी लागतो, वजन घटतं, ताठपणा फारसा कमी होत नाही. जपानी पात्यांवरही अशी पन्हळ पुष्कळदा असते.

आता पोलाद.

जपानची अडचण कच्च्या मालाची होती. तिथे लोखंड मुख्यतः मिळे ते काळ्या वाळूच्या रूपात, डोंगर धुऊन, नदीच्या पाण्यात गाळून काढलेलं. त्यासाठी प्रसिद्ध भाग म्हणजे इझुमो, आजचा शिमाने जिल्हा. ही वाळू वितळवायची भट्टी म्हणजे तातारा. मातीची, लांबट, मोठ्या हौदासारखी. तीन दिवस आणि तीन रात्री ती सतत पेटती ठेवतात आणि थोड्या थोड्या वेळाने वाळू आणि कोळसा टाकत राहतात. सुमारे दहा टन वाळू आणि बारा टन कोळसा खाऊन शेवटी मिळतो तो अडीच टनांचा एक ओबडधोबड गोळा. तो काढायला भट्टीच फोडावी लागते. त्या गोळ्यातलं तलवारीच्या लायकीचं पोलाद, ज्याला ते ‘तामाहागाने’ म्हणतात, एक टनही भरत नाही. आणि तेसुद्धा एकसारखं नसतं. एका कोपऱ्यात कर्ब जास्त, दुसऱ्या कोपऱ्यात कमी, मध्येच मळी अडकलेली. कणीक मळताना गुठळ्या राहाव्यात तसं.

म्हणून लोहार ते तुकडे चपटे करून फोडतो, मोडलेल्या कडेवरून कडक कुठला आणि मऊ कुठला ते ओळखतो, रचतो, तापवून एकजीव करतो आणि मग घडी घालतो. पुन्हा ठोकतो, पुन्हा घडी. जगभर गाजलेली ‘घडीची तलवार’ ती हीच. चिरोटे करणाऱ्यांना हे लगेच कळेल, पण हेतू उलटा आहे. चिरोट्यात पदर सुटे राहावेत म्हणून आपण मध्ये साटा लावतो. इथे पदर एकमेकांत मिसळून जावेत, मळी निघावी आणि कर्ब सगळीकडे सारखा पसरावा म्हणून घडी घालतात. ही मुळात वाईट कच्च्या मालावर शोधलेली तोड आहे, आणि अत्यंत हुशारीची आहे.

‘हजार वेळा घडी घातलेली तलवार’ असं त्या चित्रफितीत म्हटलं होतं. इथे मात्र माझ्या धंद्यातलं गणित गप्प बसू देत नाही. दर घडीला पदर दुप्पट होतात. दहा घड्यांत १०२४ पदर, पंधरा घड्यांत ३२,७६८. साधारण दहा ते पंधरा घड्याच घालतात. म्हणजे हजार पदर म्हणजे दहाच घड्या. कुणीतरी पदर आणि घड्या यांत गल्लत केली. खरोखर हजार घड्या घातल्या तर पदरांची संख्या तीनशेहून जास्त आकडी होईल, तेवढे अणू अख्ख्या दिसणाऱ्या विश्वात नाहीत. शिवाय दर वेळी तापवताना थोडा कर्ब जळून जातो. फार घड्या घातल्या तर हातात मऊ लोखंड उरेल.

यानंतरचा टप्पा मला सगळ्यात आवडतो. आपल्या भाषेत हत्याराला ‘पाणी देतात’, आणि माणूसही ‘पाणीदार’ असतो. कोयता असो की छिन्नी, लोहार ती लाल तापवून पाण्यात बुडवतो तेव्हा पोलाद एकदम कडक होतं. पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये आम्हाला छिन्नीचं टोक असं पाणी देऊन कडक करायला लावलं होतं; तो ‘चर्र’ आवाज अजून कानात आहे. अडचण अशी की कडक पोलाद ठिसूळ असतं. अख्खी तलवार तशी केली तर घाव बसताच मोडेल. जपानी लोहाराने यावर चिखलाचा उपाय काढला. पात्याच्या पाठीवर ओल्या मातीचा जाड थर, धारेवर अगदी पातळ. मग अंधाऱ्या कामशाळेत, तापलेल्या पोलादाचा नेमका रंग दिसावा म्हणून दिवे मालवून, ते पातं पाण्यात. धार क्षणात थंड होऊन काचेसारखी कडक होते. पाठ मातीखाली सावकाश थंड होते आणि मऊ, चिवट राहते. कडक झालेलं पोलाद किंचित जास्त जागा घेतं, त्यामुळे धारेची बाजू फुगते आणि पातं पाठीकडे वाकतं. जपानी तलवारीच्या बाकाचा मोठा भाग असा पाण्यात जन्माला येतो. कधी कधी त्याच क्षणी पात्याला चीर जाते आणि कित्येक दिवसांचं काम भंगारात जमा होतं. जिथे कडक आणि मऊ पोलाद भेटतं तिथे ढगाच्या किनारीसारखी एक रेघ उमटते, तिला ‘हामोन’ म्हणतात. जाणकार ती रेघ पाहून लोहाराचं घराणं सांगतात.

याची किंमतही आहे. कतानाची धार फार टिकते, पण कडक वस्तूवर आपटली तर तिचा टवका उडतो. आणि मऊ पाठीमुळे पातं मोडत नसलं तरी वाकलं की वाकलेलंच राहतं.

युरोपात गोष्ट वेगळ्या वळणाने गेली, पण सुरुवात अगदी सारखी होती. तिथलं सुरुवातीचं लोखंडही असंच गुठळ्यांचं, छोट्या भट्ट्यांतलं. तिथेही लोहार पट्ट्या रचत, पिळत, एकजीव करत. इंग्लंडमधल्या सटन हू इथे सातव्या शतकाच्या सुरुवातीला एका राजपुरुषाला जहाजासकट पुरलं होतं. त्याची तलवार ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिचं पातं लोखंडाच्या पिळलेल्या सळ्या जोडून केलेलं आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास हा पिळाचा प्रकार मागे पडला, कारण चांगलं पोलाद हाती येऊ लागलं होतं.

याच काळातल्या काही तलवारींवर लोखंडी अक्षरांत ‘उल्फबेर्ट’ असं नाव जडवलेलं सापडतं. अशा सुमारे १७० तलवारी माहीत आहेत, नवव्या ते अकराव्या शतकातल्या. दोनशे वर्षं एक माणूस जगत नाही, म्हणजे ते नाव हा एक शिक्का होता, हमीची खूण. काहींचं पोलाद त्या काळाच्या मानाने थक्क करणारं आहे. काही मात्र साध्याच लोखंडाच्या आहेत, आणि काहींवर नावाची अक्षरं मागेपुढे झालेली आहेत. रस्त्यावरच्या नकली बुटांवर एखादं अक्षर चुकलेलं असतं तसंच! ही पाती फ्रँक लोकांच्या राज्यातली, ऱ्हाइन नदीच्या परिसरातली, पण सापडतात मुख्यतः उत्तरेकडे, व्हायकिंगांच्या मुलखात. आपलीच शस्त्रं आपल्यावर चालून येतात हे राजाला कळत होतं. चार्ल्स द बाल्ड या राजाने ८६४ मध्ये व्हायकिंगांना शस्त्रं विकणाऱ्याला देहदंड ठरवला. विक्री थांबली नाही, हे सापडलेल्या तलवारीच सांगतात.

पुढे पाणचक्कीवर चालणारे भाते आणि घण आले, भट्ट्या मोठ्या झाल्या आणि पासाऊ, सोलिंगेन, मिलान, टोलेडो ही पोलादाची गावं नावारूपाला आली. जास्त एकसारखं पोलाद मिळू लागल्यावर घड्यांची गरज कमी झाली. अख्खं पातं कडक करायचं आणि मग पुन्हा थोडं तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा, ही रीत तिथे रुळली. असं चांगलं पातं स्प्रिंगसारखं वाकतं आणि सरळ होतं. धार कतानाइतकी कडक नाही, पण वाईट वेळी जास्त माफ करणारी. माझ्या मते प्रवासात कुठलं पातं सोबत न्यावं असं विचारलं तर युरोपियन, आणि हातात धरून तासभर नुसतं बघत बसायचं असेल तर जपानी.

पण पोलादाने अर्धीच गोष्ट कळते. उरलेली अर्धी समोरच्या माणसाच्या अंगावर काय आहे, यात आहे.

तेराव्या शतकातला युरोपियन योद्धा कड्यांचं चिलखत घाली. तेव्हाच्या तलवारी रुंद आणि वार करायला योग्य. चौदाव्या शतकात अंगावर पोलादी पत्रे आले. पत्र्यावर तलवारीचा वार म्हणजे पातेल्यावर सुरी. मग तलवार टोकाकडे निमुळती होत गेली, सुईसारखी. काखेत, मानेखाली, सांध्याच्या फटीत खुपसता यावी म्हणून. युअर्ट ओकशॉट नावाचे एक इंग्रज गृहस्थ, व्यवसायाने चित्रकार, त्यांनी १९६० च्या दशकात या बदलत्या आकारांची जी वर्गवारी केली ती आजही वापरतात. एका चित्रकाराने नजरेच्या जोरावर केलेलं हे काम विद्यापीठातल्यांनाही पुरून उरलं. पंधराव्या शतकातल्या जर्मन पुस्तकांत तर योद्धे आपल्याच तलवारीचं पातं दोन्ही हातांनी पकडून उलट्या मुठीने समोरच्याच्या शिरस्त्राणावर हातोड्यासारखा घाव घालताना दाखवले आहेत. आपण चित्रपटात कधी असं बघत नाही, कारण ते दिसायला रुबाबदार नाही.

जपानमध्ये असे संपूर्ण पत्र्याचे पोशाख रुळले नाहीत. लाख लावलेल्या छोट्या पट्ट्या दोऱ्यांनी विणून केलेलं हलकं, हालचालीला मोकळं चिलखत होतं. आणि मुख्य शस्त्र तलवार नव्हतीच. सुरुवातीचा सामुराई हा घोड्यावरचा तिरंदाज. नंतर भाला आला. घोड्यावरून वापरायची ‘ताची’ कमरेला धार खाली करून लटकवत. पायी लढणं वाढल्यावर तिची जागा हळूहळू कतानाने घेतली. ती कमरपट्ट्यात धार वर करून खोचतात, म्हणजे म्यानातून उपसणं आणि वार करणं एकाच हालचालीत होतं. १५४३ मध्ये पोर्तुगीज माणसं तानेगाशिमा बेटावर बंदुका घेऊन उतरली आणि काही दशकांत जपानी कारागीर स्वतःच त्या हजारोंनी बनवू लागले. १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत त्यांनी काय केलं ते प्रसिद्धच आहे.

मग तलवार हा सामुराईचा आत्मा वगैरे कधी झाली? गंमत अशी की लढाया संपल्यावर. तोकुगावांच्या अमलात, १६०३ ते १८६८, जपानने जवळपास अडीचशे वर्षं शांतता पाहिली. त्याआधी १५८८ मध्येच हिदेयोशीने शेतकऱ्यांकडची शस्त्रं गोळा करून घेतली होती आणि त्या लोखंडाचे खिळे बुद्धाच्या मोठ्या मूर्तीच्या कामी येतील असं सांगितलं होतं. आता कमरेला दोन तलवारी लावायचा मान फक्त सामुराईचा. कामाला नसलेली पण मानाची वस्तू माणूस जपतो, पूजतो, तिच्यावर ग्रंथ लिहितो. ‘बुशिदो’ या शब्दाला जगभर पोचवणारं इनाझो नितोबे यांचं पुस्तक तर १९०० सालचं, सामुराई वर्ग संपल्यानंतरचं, आणि मुळात इंग्रजीत लिहिलेलं, पाश्चात्त्यांना समजावून सांगण्यासाठी.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते. टोकियोत र्योगोकु भागात, सुमो कुस्तीच्या आखाड्याजवळ, जपानी तलवारींचं एक संग्रहालय आहे. तिथे मी दोनतीनदा गेले. प्रत्येक पातं एकटं, मूठ काढून ठेवलेलं, दिवा असा लावलेला की हामोनची रेघ नेमकी चमकावी. लोक समोर वाकून, गुडघ्यात वाकून, श्वास रोखून बघतात. सातशे वर्षांपूर्वीचं पातं काल घासून ठेवल्यासारखं दिसतं, कारण पिढ्यान् पिढ्या त्याला तेल लावलं गेलं, आणि गरज पडली की घासणाऱ्या कारागिराने एकामागून एक बारीक दगडांवर कित्येक दिवस घालवले. फक्त मुठीत जाणाऱ्या भागावरचा गंज कुणी काढत नाही; त्याच्या रंगावरून वय कळतं, आणि लोहाराची सही तिथेच असते. जपानमध्ये शंभराहून अधिक तलवारींना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे.

नंतर एका कामासाठी लंडनला गेले असताना वॉलेस कलेक्शन पाहिलं. तिथली चिलखतं बघून डोळे दिपतात. पण युरोपच्या मध्ययुगातल्या पुष्कळ तलवारी आपल्यापर्यंत पोचल्या त्या नदीच्या गाळातून नाहीतर थडग्यातून. काळ्या पडलेल्या, खड्डे पडलेल्या, मुठीचं लाकूड-चामडं कुजून गेलेल्या. जी पाती वापरात राहिली ती झिजली, मोडली, वितळवली गेली. म्हणजे आपण तुलना करतो ती देव्हाऱ्यात जपलेल्या वस्तूची आणि विहिरीच्या तळाशी सापडलेल्या वस्तूची. माझ्या कामात याला फसवा नमुना म्हणतात: जे उरलं त्यावरून जे होतं त्याचा अंदाज बांधायचा. सामान्य सैनिकासाठी घाऊक केलेल्या हलक्या जपानी तलवारीही होत्याच. त्यांना काचेच्या पेटीत जागा नाही. मासामुनेचं पातं एका बाजूला आणि कुठल्याशा अनामिक शिपायाचं गंजकं पातं दुसऱ्या बाजूला ठेवून ‘श्रेष्ठ कोण’ विचारलं, तर उत्तर आधीच ठरलेलं असतं.

जपणूकही आपोआप झालेली नाही. १८७६ मध्ये सरकारनेच तलवार लावून फिरायला बंदी केली. लोहार उपाशी पडले, बरेच जण सुऱ्या-कात्र्यांकडे वळले. मग १९४५. हरलेल्या जपानमधली सगळी शस्त्रं जमा करायचा हुकूम अमेरिकनांनी काढला. त्यात घराण्यांच्या तलवारीही आल्या. मासामुनेचं सर्वांत नावाजलेलं पातं, ‘होंजो मासामुने’, तोकुगावा घराण्याने त्या वर्षाअखेरीस टोकियोच्या एका पोलीस ठाण्यात नेऊन दिलं. पुढे ते कुठे गेलं याचा आजवर पत्ता नाही. होम्मा जुन्जी यांच्यासारख्या जाणकारांनी अमेरिकन अधिकाऱ्यांना समजावलं की यातल्या कित्येक वस्तू शस्त्रं नसून कला आहेत, म्हणून बाकीच्या वाचल्या. १९४८ मध्ये जतनासाठी संस्था उभी राहिली. १९५३ मध्ये नव्या तलवारी घडवायला पुन्हा परवानगी मिळाली. पण पोलाद कुठून आणणार? युद्धकाळात चाललेली शेवटची तातारा १९४५ मध्ये विझली होती. ती १९७७ मध्ये शिमानेतल्या ओकुइझुमोत पुन्हा पेटवली, आणि हे जमलं ते केवळ जुन्या भट्टीवर काम केलेला मुख्य कारागीर तेव्हा हयात होता म्हणून. ज्वालेचा रंग आणि भट्टीचा आवाज यांवरून वाळू केव्हा टाकायची, हे कुठल्याही वहीत नव्हतं. आणखी वीस वर्षं गेली असती तर विचारायला कुणी उरलं नसतं. आज तिथे तलवारीचा लोहार व्हायचं तर परवानाधारक गुरूकडे किमान पाच वर्षं उमेदवारी करावी लागते आणि मग परीक्षा द्यावी लागते.

युरोपचं नेमकं उलट झालं. तिथे गुरू संपले, पुस्तकं उरली. तलवारबाजीचं सर्वांत जुनं ज्ञात युरोपियन पुस्तक इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये आहे, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात एक धर्मगुरू आपल्या विद्यार्थ्याला ढाल-तलवार शिकवतो आहे, पानामागून पान. शेवटच्या पानांवर विद्यार्थ्याच्या जागी एक बाई उभी आहे. लांब झगा, हातात तलवार, नाव वाल्पुर्गिस. ती कोण, तिथे कशी आली, याचा एका शब्दाने खुलासा नाही. ती तलवार अगदी सहजपणे धरून उभी आहे. शाळेत मुलींना लेझीम आणि मुलांना दांडपट्टा अशी वाटणी होती ते मला तेव्हा आठवलं.

१४१० च्या सुमारास इटलीत फिओरे देई लिबेरी या उस्तादाने सचित्र ग्रंथ केला. त्यात कुठला डाव कुणाचा हे कळावं म्हणून गुरूच्या डोक्यावर मुकुट आणि शिष्याच्या गुडघ्याखाली पट्टा काढला आहे. जर्मनीत लिश्टेनाउअरने तर आपली विद्या मुद्दाम गूढ ओव्यांत ठेवली आणि शिष्यांनी त्यावर टीका लिहिल्या. सूत्र आणि भाष्य हा प्रकार आपल्याला नवा नाही. बंदुका आल्या, तलवार द्वंद्वापुरती आणि मग खेळापुरती उरली, आणि ही विद्या विसरली गेली. गेल्या तीसेक वर्षांत हौशी माणसांनी ही हस्तलिखितं वाचून, बोथट तलवारी घेऊन, एकेक डाव करून पाहत ती पुन्हा उभी केली आहे. काही डाव नक्की कसे होते यावर त्यांची अजून भांडणं चालतात. जपानमध्ये पंधराव्या शतकातली कातोरी शिंतो-र्यू ही परंपरा गुरूकडून शिष्याकडे जात आजही जिवंत आहे, तिथे अशी भांडणं करायची वेळ आली नाही.

ग्रुपवरचा तिसरा मुद्दा आपल्या मुलखाचा होता, त्यालाही उत्तर देणं आहे. तलवारी देशाच्या सीमा मानत नसत. इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या अलेक्झांड्रियातल्या शस्त्रागारात युरोपियन पाती होती, त्यांवर अरबी लेख कोरलेले. तसंच इथेही. पोर्तुगिजांच्या जहाजांतून आणि नंतर इतरांकडूनही सरळ युरोपियन पाती दख्खनमध्ये आली. त्यांना इथल्या कारागिरांनी आपल्या हाताला, आपल्या लढण्याच्या रीतीला सोसणारी मूठ बसवली, आणि आपण तिला नाव दिलं ‘फिरंग’. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना परत आणलेली नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार आठवा. पातं युरोपियन, मूठ मराठा, आणि पात्यावरच देवनागरीत तिचं नाव कोरलेलं आहे: फिरंग. कुणी काही लपवलं नव्हतं. माल कुठला हे सांगण्यात त्यांना अभिमानच वाटत असावा.

खरी हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. याच दख्खनमध्ये, आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत, मुशीत बंद करून वितळवलेलं पोलाद होत असे. तेलुगू-कन्नडमधला ‘उक्कू’, त्याचं इंग्रजांनी ‘वूट्झ’ केलं. ते इराणपर्यंत जाई, आणि त्याच्या पात्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. मायकेल फॅरडेने त्यावर प्रयोग केले होते. एकोणिसाव्या शतकात त्या भट्ट्या विझल्या. करणाऱ्यांनी काही लिहून ठेवलं नव्हतं आणि शिकणारं कुणी उरलं नव्हतं. जी वर्णनं आहेत ती पाहायला आलेल्या परदेशी माणसांची. ती लहरींची नक्षी पुन्हा जमली १९९० च्या दशकात, अमेरिकेत, एक धातुशास्त्रज्ञ आणि एक लोहार यांनी वर्षानुवर्षं केलेल्या प्रयोगांनंतर. खनिजातला व्हॅनेडियमसारख्या धातूचा अंश त्याला कारण, असं त्यांनी दाखवलं.

तलवारी गेल्या, पण गावं राहिली. जर्मनीतलं सोलिंगेन आज स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी ओळखलं जातं. जपानमध्ये तसंच सेकी. जुनं तलवारींचं गाव, आता सुऱ्या आणि कात्र्यांचं. सोलिंगेनच्या एका जुन्या कंपनीचा सेकीत कारखाना आहे आणि तिथे जपानी धाटणीच्या सुऱ्या होतात. त्यातली एक माझ्याकडे आहे. टोमॅटो तिच्याखाली अजिबात चेंगरत नाही, पण नारळ फोडायला ती कधीच घ्यायची नाही. धारेचा टवका उडतो.